सूट, पुल्लिंगी

मंगळवारी सकाळी सही करून जिना चढताना फळ्यावरची सूचना वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. सूचना अशी होती. 'शुक्रवारी सकाळी आठ वाजता मैदानावर वार्षिक दिन. पन्नाशीपुढील सर्वांना सूट. हुकमावरून.' बस, एवढंच. आमच्या हेडक्लार्कला सगळे पूर्णविराम म्हणतात. क्रियापदापर्यंत पोचायच्या आतच तो थांबतो. 'उद्या पाणी नाही. बादल्या.' अशी सूचना त्याने मागे एकदा लावली होती आणि दुसऱ्या दिवशी निम्मे लोक घरून भरलेल्या बादल्या घेऊन आले, निम्मे रिकाम्या. तेव्हा सूचना तोकडी असल्याचं मला काही वाटलं नाही. गोळा आला तो वेगळ्या कारणाने. मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि माझ्याकडे सूट नाही.

त्यातून नेमका तो शब्द. गेले तीन आठवडे मी त्याच्याच मागे होतो. आमचा कोश इंग्रजी-मराठी. मी नोकरीला लागलो तेव्हा बी चालू होतं, आता एकतीस वर्षांनी एस चालू आहे, आणि झेड उजाडेल तेव्हा मी तिथे नसेन हे कार्यालयाने आणि मी, दोघांनीही समजूतदारपणे मान्य केलं आहे. सूट माझ्या टेबलावर आला तेव्हा वाटलं होतं, कपड्याचं नाव, कोट आणि पँट एकाच कापडाची, दोन ओळींत मिटेल. तो मिटेना. आधी निघाला कपडा. त्याच्या पाठोपाठ कोर्टातला दावा आला. मग पत्त्यांतला रंग, इस्पिक-बदाम-चौकट-किलवर. मग मुलीला मागणी घालणारा तरुण, मग शेपटीला एक ई लावून आलेल्या हॉटेलातल्या एकीतून दुसरीत उघडणाऱ्या खोल्या, मग एखाद्याचा पाठलाग, आणि शेवटी 'हे तुला शोभतं' यातलं शोभणं. लग्नाला चार पानं मांडावीत आणि दारात चाळीस माणसं उभी राहावीत तसं झालं. या सगळ्यांचं एकमेकांशी नातं काय म्हणून खोदत गेलो, तर खाली लॅटिनमधलं एक साधं क्रियापद लागलं. मागे जाणे. पूर्वी इंग्रजांच्या देशात जमीनदाराच्या दरबारी कुळांना ठरल्या दिवशी हजर राहावं लागे, त्या हजेरीला हा शब्द होता. मालकाच्या मागे चालणारे एकसारखे कपडे घालत, म्हणून पुढे तो कपड्यांना चिकटला. कोटाच्या मागे पँट. दाव्यात एक पक्ष दुसऱ्याच्या मागे, तरुण मुलीच्या मागे, पत्त्यांत आलेल्या रंगाच्या मागे त्याच रंगाचं पान. हे उमगलं त्या दुपारी मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसलो. माझंही आयुष्य कुणाच्या तरी मागे मागेच गेलेलं आहे, आणि त्याला इतका घरंदाज शब्द असेल अशी मला कल्पना नव्हती.

तो कुणीतरी म्हणजे दादा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आणि चार बोटं उंच. त्याचे सदरे मी घातले, त्याच्या वह्यांची कोरी पानं मी वापरली, त्याच्या बुटांत पुढे कापूस कोंबून मी शाळेत गेलो. मास्तर मला नावाने हाक मारत नसत, 'ह्याचा धाकटा' म्हणत, आणि मी ओ देत असे. तो पाणीपुरवठ्यात इंजिनियर झाला. माझं काही होण्याची चिन्हं दिसेनात तेव्हा कोशाच्या नोकरीची जाहिरात त्यानेच वर्तमानपत्रातून कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "शब्द आवडतात ना तुला, जा मग." मी गेलो. दीड वर्षापूर्वी तो वारला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मागोमाग जायचं नाही असं ठरलं, आणि तेव्हापासून मला कुठे जायचं हेच नीट कळत नाही.

माझ्यासमोरच्या टेबलावर बसतो त्याला आम्ही तळटीप म्हणतो. काहीही बोलून झालं की तो खाली बारीक आवाजात आणखी एक जोडतो. वय त्रेपन्न. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शुक्रवारचं वाचलंत?"

"वाचलं. बरं झालं. मी मनातून हेच म्हणत होतो."

"म्हणजे तुमची तयारी आहे?"

"तयारी कसली त्यात? पन्नाशी ओलांडली की संपलं." मग बारीक आवाजात, "अशी सूट आपल्या वेळी मिळत नव्हती, एवढं लक्षात ठेवा."

अशी सूट. माझ्या कानाला ठेच लागली. सूट पुल्लिंगी आहे. तो सूट, असा सूट, निळा सूट. माझ्या नोंदीत पहिल्याच ओळीत 'पु.' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. एकोणतीस वर्षं कोशात काढलेल्या माणसाला कोट-पँटचं लिंग कळू नये याचं मला इतकं वाईट वाटलं की पुढचं विचारायचं राहूनच गेलं. मनातल्या मनात मी त्याचं वाक्य दुरुस्त केलं आणि त्याला क्षमा केली. शिवाय, विचारायचं तरी काय? आमच्या नव्या संचालक बाई सहा महिन्यांपूर्वी आल्या. चाळिशीही गाठलेली नाही, सायकलवर येतात, आणि आल्यापासून काही ना काही बदलतात. खुर्च्या बदलल्या, खिडक्या उघडल्या. आता ज्येष्ठांनी ज्येष्ठांसारखं दिसावं असं त्यांना वाटलं असेल तर त्यात गैर काय होतं?

बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर भिंगातून बघून आल्यावर घरी तिला बारीकसारीक दिसत नसेल, अशा समजुतीवर मी सत्तावीस वर्षं काढली आहेत. समजूत खरी नाही.

"शुक्रवारी सूट घालायचाय," मी म्हणालो. "कार्यालयात. पन्नाशीपुढच्यांना सक्ती आहे."

"अहो, तुम्ही लग्नात तरी घातला होतात का?"

"लग्नात दादाचा काळा कोट होता."

"मग आताही दादांचाच घाला. आहे की तो राखाडी."

"तो वहिनींकडे आहे."

"हो ना. तो काही आपल्या पायांनी चालत यायचा नाही."

मी थोडा वेळ भाजी चिवडली. "तू जातेस ना त्यांच्याकडे दर महिन्याला. येताना आणशील?"

"मी नाही," ती म्हणाली. "तुमची वहिनी, तुमचा फळा."

फळा हा शब्द आमच्या घरात दीड वर्षात तिसऱ्यांदा उच्चारला गेला. दादाची शोकसभा त्याच्याच खात्याच्या सभागृहात होती. वहिनी पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी बायको, आणि मला तिसऱ्या क्रमांकावर बोलायचं होतं. पहिले दोघे चांगलं बोलले. दादाने फुटलेल्या जलवाहिनीपाशी छातीभर पाण्यात काढलेली रात्र मला माहीत नव्हती, ती तिथे कळली. मग माझं नाव घेतलं गेलं. मी उठलो, व्यासपीठावर चढलो, आणि मागे वळून पाहिलं तर मोठ्या फळ्यावर दादाचं नाव, आणि त्यावर कुणीतरी मेहनतीने, वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'भावपूर्ण श्रध्दांजली'. ध आधी आणि द खाली. जगात बहुतेक जण तसंच लिहितात हे मला ठाऊक आहे. पण ते दादाच्या डोक्यावर होतं. माझ्या मनात जे काही बोलायचं साठलेलं होतं ते सगळं त्या एका अक्षराशी येऊन अडकलं, नळाच्या तोंडाशी खडा अडकावा तसं. मी रुमाल काढला, तेवढं अक्षर पुसलं, खडू घेतला आणि द-ला ध नीट जोडला. मग वळलो. शंभर-सव्वाशे माणसं माझ्याकडे बघत होती. आत काहीही शिल्लक नव्हतं. मी खाली येऊन जागेवर बसलो. नंतर दारापाशी वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला शब्द दिसतात. माणसं दिसत नाहीत." त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो नाही. रागाने नव्हे. त्यांचं वाक्य तपासून पाहिलं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही म्हणून.

बुधवारी संध्याकाळी गेलो. वहिनींनी दार उघडलं. पस्तीस वर्षं त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, त्यामुळे दारात उभ्या राहिल्या तरी समोरच्याला आपण गृहपाठ आणलेला नाही असं वाटतं. मला मात्र दुसरंच काही वाटलं. दादाच्या चपला अजून दाराशी होत्या, पुसलेल्या, आणि त्यांच्याशेजारी माझ्या काढून ठेवताना मी नकळत त्या दोन बोटं मागे ठेवल्या.

"या," वहिनी म्हणाल्या. "बसा. काय काम काढलंत?"

काम नसतं तर मी आलो नसतो हे त्यांनी दोन शब्दांत सांगून टाकलं होतं. मी सूटचं सांगितलं. कार्यालय, सक्ती, शुक्रवार. त्या आत गेल्या, लोखंडी कपाटाचं दार कुरकुरलं, आणि त्या सूट घेऊन आल्या. फडक्यात गुंडाळलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. भिंतीवर तोच सूट घातलेला दादाचा फोटो होता. परदेशातून पाणी-तज्ज्ञांचं मंडळ आलं होतं तेव्हाचा. छाती पुढे, पोट आत, ओठ घट्ट मिटलेले, नजर कॅमेऱ्याच्या पार पलीकडे. मी तो फोटो बत्तीस वर्षं बघत आलो आहे. माणसाने उभं कसं राहावं हे मला त्या फोटोने शिकवलं. आरशासमोर कितीदा तरी मी तसा उभा राहून पाहिलं आहे, पण तो रुबाब येत नाही, बद्धकोष्ठ झाल्यासारखं दिसतं.

"घालून बघा," वहिनी म्हणाल्या. 

"लांब होईल मला," मी म्हणालो.

मी आतल्या खोलीत जाऊन घातला. बाह्या मनगटाशी बरोबर थांबल्या. खांदे खांद्यांवर. पँट टाचेशी. मी वाकून बघितलं, हात वर करून बघितले. कुठे लांब नाही, कुठे ढगळ नाही. माझ्या अंगावर जन्मात कुठला कपडा असा बसला नव्हता. दादा चार बोटं उंच होता. माझं माप विशीत जे होतं ते आजही आहे, तेव्हा मी वाढलो म्हणावं तर तसंही नाही. बाहेर आलो तेव्हा हे सगळं माझ्या चेहऱ्यावर असावं.

"बसला ना?" वहिनी म्हणाल्या. "बसणारच. तुमच्याच मापाचा आहे."

मग मला शिंप्याचं दुकान आठवलं. आठवलं म्हणजे, एखाद्या खोलीत दिवा लागावा तसं सगळंच दिसलं. मी चोवीस वर्षांचा. दादा जलवाहिनीच्या कामावर बाहेरगावी अडकलेला, परदेशी मंडळ यायला पंधरा दिवस राहिलेले. निरोप आला, धाकट्याला शिंप्याकडे पाठवा, त्याचं माप घ्या आणि सगळीकडे चार बोटं वाढवा. मी गेलो. शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, गळ्यात टेप, आणि त्याच्या डोक्यावर पाटी होती, 'येथे सुट शिवून मिळतील.' सुट. उकार ऱ्हस्व. तो माझे हात उचलत होता, खांदे मोजत होता, पोऱ्याला आकडे सांगत होता, आणि मी त्या उकाराकडे बघत होतो. सांगावं की नको, सांगितलं तर राग येईल का, पाटी पुन्हा रंगवायला लागेल का. शेवटी धीर करून मी म्हणालो, "सू दीर्घ हवा." तो म्हणाला, "सैल हवा?" मी म्हणालो, "नाही, नाही, सैल नको." आणि घरी आलो. चार बोटांचं राहून गेलं.

"वहिनी," मी म्हणालो, "दादाला हा होत नव्हता?"

"होईल कसा? श्वास घेता यायचा नाही त्यांना. तो फोटो बघा ना. फोटोवाला एक, दोन, तीन म्हणेपर्यंत त्यांचा जीव जात होता."

"मग दुसरा का नाही शिवला?"

"मी म्हटलं होतं. म्हणाले, धाकट्याला कळेल. शिंप्याशी बोलायला जाताना त्याच्या पोटात गोळा येतो, तरी तो गेला. आता मापं चुकली म्हणून कळलं तर पुन्हा कुणाच्या दारात उभा राहायचा नाही." त्यांनी फडक्याची घडी घातली. "अकरा वेळा घातला त्यांनी हा. मी मोजलेत. प्रत्येक वेळी घरी येऊन आधी बटणं काढायचे आणि मग बोलायचे."

इथे काहीतरी बोलायचं होतं. मला ते कळत होतं. जगातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "वहिनी, कोटाचं हे मधलं बटण सैल झालंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुई-दोऱ्याचा डबा ओढला आणि म्हणाल्या, "आणा इकडे."

शुक्रवारी आठला दहा कमी असताना मी मैदानावर पोचलो. टाय बायकोने बांधला होता, प्रयोगशाळेत नळी बांधतात त्या सफाईने. मैदानावर चुन्याच्या रेघा, दोरीला बांधलेली निशाणं, कर्ण्यातून कुणीतरी 'एक, दोन, एक, दोन' म्हणून त्याची परीक्षा घेत होतं. तीस-बत्तीस माणसं होती, सगळी पंचविशी-चाळिशीतली, हाफ पँट आणि बनियनसारख्या सदऱ्यांत, कुणी पाय ताणत होतं, कुणी जागच्या जागी उड्या मारत होतं. सूट एकही नाही. मी मनाशी म्हटलं, सूट घालायला वेळ लागतो, येतील. भाड्याच्या कर्ण्यावरच्या माणसाने मला बघितलं आणि तो धावतच आला. त्याने एक खुर्ची पुसली, ती मांडवाच्या मधोमध ठेवली, मला बसवलं, पाण्याचा ग्लास दिला, आणि माझ्या कोटाला कागदाचं फूल लावून गेला. त्यावर 'पाहुणे' असं लिहिलेलं होतं. बरोबर लिहिलेलं होतं, त्यामुळे मी काही बोललो नाही. पाच मिनिटं मी दादाच्या फोटोसारखा बसलो. मला श्वास घेता येत होता. कसलाही त्रास न होता आत जाणारा तो प्रत्येक श्वास मला उसना वाटत होता.

मग पूर्णविराम आला. हाफ पँटमध्ये तो मी पहिल्यांदाच पाहिला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही. इथे."

"आठ वाजता म्हणाला होतात."

"पण तुम्हाला सूट."

"घातलाय," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा क्रियापदाची गरज उमटलेली मला दिसली. "सूट होती," तो शेवटी म्हणाला. "यायची. नाही आलं तरी चालणार होतं."

होती. स्त्रीलिंगी. सूट मिळते, सूट दिली जाते, सुटणे या धातूपासून, माझ्या स्वतःच्या आईच्या भाषेतला शब्द, मी बोलायला लागलो तेव्हापासूनचा. तळटीप आता घरी अंथरुणात लोळत असेल, आणि त्याचं व्याकरण निर्दोष होतं. तीन आठवडे मी एका परक्या शब्दाच्या मागे इतका लांब गेलो होतो की घरचा शब्द समोर येऊन उभा राहिला तरी मी त्याला ओळखला नाही, उलट त्याचं लिंग चुकलं म्हणून त्यालाच माफ केलं. कान तापले. तेवढ्यात संचालक बाई येऊन पोचल्या आणि पूर्णविरामाने त्यांना तीन शब्दांत सगळं सांगितलं. त्यांनी ओठ दाताखाली धरले.

"तुम्हाला हजेरी माफ होती," त्या म्हणाल्या. "मग हजेरी का लावलीत?"

"सूट या शब्दाचा जुना अर्थ हजेरी असाच आहे," मी म्हणालो. मला टाळाटाळ करायची नव्हती, ते खरंच होतं, तेच तोंडात आलं. "म्हणजे इंग्रजीत. आपल्याकडे बरोबर उलटा."

बाई हसल्या. मग पूर्णविराम हसला. मग मागे उड्या मारणारे थांबून विचारायला लागले, कुणीतरी त्यांना सांगितलं, आणि हसू मैदानभर पसरत गेलं. एकतीस वर्षांत माझ्या कुठल्या व्युत्पत्तीला कुणी हसलं नव्हतं. कुणी रडलंही नव्हतं म्हणा. मला वाटलं होतं, जमीन दुभंगावी वगैरे वाटेल, तसं काही झालं नाही. बाई म्हणाल्या, "सूट तर मीही घातलाय, फक्त धावायचा. आता आलाच आहात तर चालण्याच्या शर्यतीत या. जाऊन-येऊन दोन फेऱ्या." मला सूट होती. मी नाही म्हणू शकत होतो, आणि कदाचित म्हणूनच मी उठलो. आम्ही सहा जण होतो. पळायचं नाही, फक्त झपझप चालायचं. पहिली फेरी मी चौथा होतो. माझ्यामागचे दोघे हसून हसून दमले होते. दुसऱ्या फेरीत माझ्यापुढे कुणाची पाठ आहे हे बघायचं मी विसरलो, पाय लांब टाकला, आणखी लांब टाकला, आणि मागच्या बाजूला, बैठकीच्या जागी, बत्तीस वर्षांची शिवण जुनं पुस्तक फाडावं तशा आवाजात उसवली. आवाज रेघेपलीकडच्यांपर्यंत गेला असावा, कारण टाळ्या तिथून सुरू झाल्या. मी कोट काढला, बाह्या पोटाशी बांधल्या, आणि शर्यत पुरी केली. तिसरा आलो.

मैदानाबाहेर पडल्यावर मात्र मी हाताने मागे चाचपलं. दादाचा सूट. अकरा वेळा श्वास रोखून त्याने तो जपला होता आणि मी एका सकाळीत फाडला. घरी जाऊन गुपचूप रफू करून घ्यावा असं आलं मनात. रफूवाल्याशी बोलावं लागेल हेही आलं. पण पाय आधीच वहिनींच्या रस्त्याला लागले होते. दार उघडताच मी पाठ फिरवली आणि कोट वर केला.

मागून एक आवाज आला, तो रडण्याचा आहे असं मला वाटलं. वळून बघितलं तर वहिनी चौकटीला धरून हसत होत्या. उभं राहवेना म्हणून त्या तिथेच पायरीवर बसल्या.

"इथेच," त्या म्हणाल्या. "अगदी इथेच. मंडळ जलशुद्धीकरणाची टाकी बघत होतं, हे खाली वाकून झडप दाखवायला गेले आणि झालं. दिवसभर भिंतीला पाठ लावून माहिती सांगितली त्यांनी. परदेशी लोकांना वाटलं, इथली पद्धत असेल. नंतर शिवला तो मीच. माझाच टाका उसवलाय तो, घाबरू नका."

त्यांनी मला दादाचा पायजमा आणून दिला. त्यात मी बुडालो, नाडी दोन वेढे फिरवून बांधली. खुर्चीत बसून मी शुक्रवारची सगळी गोष्ट सांगितली, सूचना, तळटीप, 'घातलाय', 'होती', सगळं. वहिनी शिवता शिवता ऐकत होत्या, मध्येच सुई थांबायची. आणि सांगून झाल्यावर, काही ठरवलेलं नसताना, मी म्हणालो, "चार बोटं सांगायला मी विसरलो होतो, वहिनी. पाटीकडे बघत राहिलो. आणि फळ्यापाशी मला बोलायचं होतं. खूप होतं. ते बाहेर पडेना."

त्यांनी दोरा दाताने तोडला.

"मलाही ती चूक दिसली होती," त्या म्हणाल्या. "बसल्यापासून दिसत होती. पस्तीस वर्षं पोरांचा हात धरून द-ला ध जोडायला शिकवलं मी, मला दिसणार नाही? उठावं, नीट करावं, असं चाललं होतं मनात. त्यांच्यासाठी तेवढंच करण्यासारखं उरलं होतं. धीर होत नव्हता. आणि तुम्ही उठलात." त्यांनी सूट मांडीवर सारखा केला. "म्हणून राग आला. दुसरं काही नाही. माणसं दिसत नाहीत वगैरे मी उगाच बोलले. रागात माणूस भाषण करतो."

मी मान हलवली. बाहेर कुणीतरी अंगणात पाणी मारत होतं, ऊन खिडकीतून पायजम्यावर आलं होतं, चालून चालून पोटऱ्या ठणकत होत्या. खुर्ची खोल होती. डोळे केव्हा मिटले कळलं नाही.

जाग आली ती बायकोच्या आवाजाने. वहिनींनी तिला बोलावून घेतलं असावं, प्रयोगशाळेतून ती सरळ इकडेच आली होती. दोघी स्वयंपाकघरात होत्या, भांड्यांचा आवाज येत होता, आणि बोलणं माझ्याबद्दल चाललं होतं. बायको सांगत होती की लग्न ठरवताना मी तिला पहिलं काय विचारलं, तर तुम्ही 'विशेष'मधला ष कसा उच्चारता. वहिनी म्हणाल्या, हे काहीच नाही, आणि त्यांनी माझ्या चौदाव्या वर्षाची एक हकीकत काढली. ती मी इथे लिहिणार नाही. ती ऐकून बायकोच्या हातून चमचा पडला. दोघी एकीमागून एक सांगत होत्या, एकीचं संपलं की दुसरीला आणखी वाईट आठवायचं, आणि प्रत्येक हकीकतीत कुठून तरी दादा यायचा, मोठ्याने बोलत, आणि मला सोडवून घेऊन जायचा. मी डोळे मिटूनच राहिलो. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. माझा श्वास मी अगदी संथ ठेवला.

मग पावलं आली आणि खुर्चीपाशी थांबली. कपबशीचा आवाज झाला.

"पापण्या हलतायत," वहिनी म्हणाल्या. "लहानपणी शाळा बुडवायची असली की हेच. चहा गार होतोय. ऊठ."

उठा नाही, ऊठ. मी उठलो नाही. त्या पुन्हा एकदा म्हणतात का, ते मला ऐकायचं होतं.